सत्तावीस नंबरचा गोल

कुरुळीत मी ज्यांच्या घराच्या वरच्या खोलीत चार वर्षं भाड्यानं राहिलो, ते ज्योतीरामकाका मूळचे औसा तालुक्यातले. अठ्ठ्याऐंशी साली भोसरीत आले, एका छोट्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले, लेथवर टर्नर झाले आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पोलाद कातून बेअरिंगच्या गोल रिंगा काढल्या. मी राहायला गेलो तेव्हा त्यांना निवृत्त होऊन काही महिनेच झाले होते. माझी सेकंड शिफ्ट असली की सकाळी चहाचा कप घेऊन वर यायचे आणि खुर्ची ओढून बसायचे.

त्यांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी भिमाजींचं नाव येई. भिमाजी महाळुंग्याच्या बौद्ध वस्तीतले, जन्मापासून तिथलेच. दोघं एकाच महिन्यात कामाला लागले, एकाच डब्यातलं जेवले. पुढे मालकानं भिमाजींचं अक्षर बघितलं आणि त्यांना इन्स्पेक्शनला घेतलं. तेव्हापासून काका रिंग काढणार आणि भिमाजी मायक्रोमीटरनं तिचं माप घेऊन ती पास करणार, नाहीतर लाल रंगाचा ठिपका देऊन बाजूला टाकणार, असं चाललं. सगळी नोकरी धरून आपल्या किती रिंगांवर लाल ठिपका पडला तो आकडा काकांना पाठ होता. एकशे बारा. भिमाजींना विचारलं असतं तर त्यांना तो सांगता आला नसता.

दोस्ती मात्र खरी होती. काकांच्या मुलीच्या लग्नात मांडवाचं सगळं भिमाजींनी पाहिलं. पण काकांच्या मनात एक जागा होती, तिथं सतत काहीतरी टोचत असायचं. भिमाजींची मिनल इंजिनिअर झाली, ते टोचलं. भिमाजी बोलायला लागले की लोक कान देतात, ते टोचलं. कुसुमकाकू एकदा सहज म्हणाल्या की भिमाजीभावजींचा शर्ट कसा कायम इस्त्रीचा असतो, तर काका दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नव्हते.

निवृत्तीनंतर काकांना डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं. कुरुळीतल्या रस्त्यावर कंटेनरच्या मधून चालणं जमेना, म्हणून ते सकाळी स्कूटर घेऊन महाळुंग्याच्या मागच्या माळावर जायला लागले. खाली कंपन्यांची पत्र्याची छपरं दिसतात, वर नुसता मुरूम आणि कुसळी गवत. नोव्हेंबरात ते गवत कमरेएवढं होऊन पिवळं पडलं होतं. त्या गवतात काकांना पहिला गोल दिसला. चार-साडेचार पावलं रुंद, मधे गवताची एक काडी नाही, काठावरचं गवत मात्र बाकीच्यापेक्षा उंच. त्यांना वाटलं कुणी शेकोटी केली असेल, पण राख नव्हती. पुढे तसाच दुसरा, मग तिसरा. आठवडाभरात त्यांनी एकोणीस गोल मोजले.

ज्याला दाखवावंसं वाटलं तो माणूस एकच होता. त्यांनी भिमाजींना नेलं.

भिमाजी म्हणाले, हे गोल त्यांनी लहानपणी गुरं राखताना पाहिलेत, पण तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्यांनी घरी मिनलला सांगितलं. मिनलनं रविवारी माळावर जाऊन फोटो काढले, ते कुणाकुणाला पाठवले, आणि फिरत फिरत ते दिव्या नावाच्या एका मुलीपर्यंत गेले. दिव्या पुण्यात एका कॉलेजात गवताळ माळांवर संशोधन करत होती. तिनं सांगितलं की असे गोल आफ्रिकेतल्या नामिबियात आणि ऑस्ट्रेलियात आहेत आणि ते का पडतात यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. कुणी म्हणतं जमिनीखालची वाळवी मुळं खाते, कुणी म्हणतं पाणी कमी असलं की गवतच एकमेकांचं पाणी ओढतं आणि मधे अशी उघडी जागा राहते. आपल्या माळावरचे गोल त्यातलेच की आणखी कशामुळे झालेले, हे बघायला ती दर आठवड्याला यायला लागली. मिनलचा नंबर तिच्याकडे होता, मिनलनं वडिलांचा दिला. त्यामुळे माळावर तिच्याबरोबर जाणारे भिमाजी झाले.

डिसेंबरात पेपरात बातमी आली. भिमाजी एका गोलाच्या मधोमध उभे, इस्त्रीचा शर्ट, हात पाठीमागं. खाली लिहिलं होतं की महाळुंग्याचे निवृत्त कामगार भिमाजी यांच्या नजरेला ही वर्तुळं पडली. ज्योतीराम हे नाव बातमीत कुठेही नव्हतं.

काकांना ती बातमी दूधवाल्यानं दाखवली. तुमच्या दोस्ताचा फोटो आलाय, म्हणाला. काकांनी ती उभ्या उभ्या वाचली, बरं झालं म्हणाले आणि घरी येऊन आंघोळ न करता झोपून राहिले. दुपारी भिमाजींचा फोन आला तो त्यांनी घेतला नाही. संध्याकाळी घेतला आणि गुडघा दुखतोय, काही दिवस माळावर जमायचं नाही असं सांगितलं.

गुडघा ठणठणीत होता. काका रोज माळावर जात होते, फक्त दुसऱ्या अंगानं. बोराटीच्या झुडपाशी बसून ते भिमाजींना आणि दिव्याला बघत. हे त्यांनीच मला सांगितलं, पुष्कळ नंतर, आणि सांगताना खाली मान घातली नव्हती.

"ती थर्मासमधून त्याला चहा द्यायली होती," ते म्हणाले. "त्याचं मला काही नाही. पण तो काहीतरी बोलला की ती लिहून घ्यायली होती. वहीत. माझं चौतीस वर्षांत कुणी काही लिहून घेतलं नाही. लिहिलं ते त्यानंच. लाल ठिपका, आणि खाली माझा नंबर."

दिव्यानं प्रत्येक गोलाला नंबर दिला होता. भिमाजींनी माळ उलटापालटा करून एकोणीसचे सव्वीस केले होते. एवढे त्यांना सापडले आणि मला का नाही, या विचारानं काकांना झोप लागेना. त्यांनी चार सकाळी माळ पिंजून काढला. आणखी एक जरी गोल मिळाला असता तरी चाललं असतं. तो आपला म्हणून दाखवता आला असता. मिळाला नाही.

जानेवारीच्या शेवटी त्यांनी तो करायचं ठरवलं.

माळाच्या उत्तरेच्या अंगाला, जिकडे ती दोघं फारशी जात नसत, त्यांनी जागा निवडली. पहिल्या दिवशी मधोमध एक खुंटी ठोकली. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि माप बिघडतं, म्हणून घरातली बाइंडिंगची बारीक लोखंडी तार नेली. तार खुंटीला बांधून, दुसऱ्या टोकाला खिळा धरून त्यांनी सगळीकडून फिरून रेघ ओढली. मग तीन सकाळी बसून खुरप्यानं आतलं गवत मुळापासून उपटलं, पोत्यात भरलं आणि लांब नेऊन ओढ्यात टाकलं. उकरलेली माती वेगळी दिसू नये म्हणून ती पायानं दाबली आणि जवळच्या खऱ्या गोलातली धूळ आणून वरून पसरली. खुंटी उपटली. नंतरच्या आठवड्यात अवकाळी पावसाची एक सर येऊन गेली. माती बसली, आणि गोल कधीपासूनचा असावा तसा दिसायला लागला.

काका सांगत की त्या चार दिवसांत त्यांना फार बरं वाटलं. लेथ सुटल्यापासून हाताला असं काम मिळालं नव्हतं.

मग त्यांनी दिव्याचा नंबर मिळवला आणि फोन करून सांगितलं की मी भिमाजींचा मित्र, मला उत्तरेच्या अंगाला एक गोल दिसलाय, तुमच्या यादीत नसेल. ती त्याच शनिवारी आली. भिमाजीही आले. काका पुढं आणि ती दोघं मागं, असे तिघं चढले.

दिव्याची पद्धत अशी होती की प्रत्येक गोलावर टेप चार दिशांनी धरायची आणि चारही मापं लिहायची. टेपचं एक टोक भिमाजींनी धरलं, दुसरं काकांनी. उत्तर-दक्षिण चारशे बारा सेंटिमीटर. पूर्व-पश्चिम चारशे बारा. तिरकं एक चारशे अकरा, दुसरं चारशे बारा. दिव्याला आनंद झाला. एवढा सुरेख गोल माळावर दुसरा नाही म्हणाली. तिनं सगळ्या बाजूंनी फोटो घेतले, वहीत सत्तावीस हा आकडा लिहिला आणि पुढं काकांचं पूर्ण नाव विचारून घेतलं. काकांनी गाव, तालुका, जिल्हा सगळं सांगितलं.

भिमाजी टेप गुंडाळत होते. मग ते मधोमध जाऊन उभे राहिले, चपलेनं माती थोडी सारखी केली आणि चला म्हणाले.

पुढचा महिना काकांचा होता. दिव्या आली की त्यांना फोन करायची. थर्मासमधला चहा तिघांत व्हायचा. काका मला रोज सत्तावीस नंबरबद्दल सांगत, त्यावर आज कोणता किडा दिसला, काठावरचं गवत किती वाळलं. मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. मार्चच्या सुरुवातीला दिव्यानं सांगितलं की तिच्या सरांपुढं तिनं माळाचा विषय मांडला आणि त्यात सगळ्यात मोठा फोटो सत्तावीसचा होता. काकांनी ती गोष्ट काकूंना तीनदा सांगितली.

त्यानंतर दोन दिवसांनी भिमाजींनी काकांना माळावर बोलावलं. एकट्याला.

दोघं सत्तावीसच्या काठावर बसले. भिमाजींनी खिशातून घडी केलेला कागद काढला. सगळ्या गोलांची मापं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली होती. त्यांनी कागद काकांच्या हातात दिला आणि वाचायला सांगितलं. एक नंबर, तीनशे ऐंशी, चारशे तीस, चारशे दोन, तीनशे नव्वद. दोन नंबर, तीनशे दहा, तीनशे पंचेचाळीस. सगळ्यांत दीड-दोन वितींचा फरक होता. कुठला अंड्यासारखा, कुठला एका बाजूनं चेपलेला. शेवटच्या ओळीपर्यंत काका वाचत गेले नाहीत.

"ज्योतीराम," भिमाजी म्हणाले, "म्या तुझा माल चौतीस वर्सं तपासलाय. तुला वाकडा गोल काढताच येत न्हाई."

भिमाजींनी सांगितलं की मधे खुंटीचं भोक होतं, ते त्यांनी त्याच दिवशी चपलेनं बुजवलं. त्यांनी दिव्याला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाहीत. पण ती पोरगी यावर आता लिहायला बसेल, तिच्या शिक्षणाचं आहे, तेव्हा काय ते तू ठरव.

काकांना राग आला. तू कशाला गप्प बसलास, असं त्यांनी विचारलं. पेपरात फोटो आला तेव्हाही गप्पच होतास. पहिला गोल कुणी पाहिला हे तुला माहीत नव्हतं?

"व्हय, माहीत हाय," भिमाजी म्हणाले. "त्या पेपरवाल्याला तुझं नाव दोनदा सांगितलं म्या. त्यानं न्हाई छापलं. तुला सांगाया फोन केला, तू उचलला न्हाईस. मग गुडघा म्हणालास."

हे ऐकून काकांना हलकं वाटायला हवं होतं. ते मला म्हणाले, उलट तेव्हा सगळ्यात जास्त जळलं. तीन महिने मी ज्या गोष्टीवर डोकं तापवलं, तीही त्यानं माझ्याकडून काढून घेतली. चूक माझी, मोठेपणा त्याचा. तिथं बसून मला वाटत होतं की यानं एकदा तरी काहीतरी नीच करावं, म्हणजे आम्ही सारखे होऊ.

ते भिमाजींना तिथंच सोडून खाली आले. त्या आठवड्यात ते माझ्याकडे वर आले नाहीत. काकू म्हणाल्या, साखर वाढलीये, जेवत नाहीत. काकूंना त्यांनी एका दुपारी सगळं सांगितलं. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की त्या मुलीचा फोन नंबर तुमच्याकडे आहे ना.

फोनवर सांगायला काकांना जमलं नाही. शनिवारी दिव्या माळावर आली तेव्हा ते आधीच सत्तावीसपाशी जाऊन उभे होते. भिमाजी मुद्दाम आले नव्हते. काकांनी सगळं सांगितलं, खुंटी, तार, खुरपं, पोतं, ओढा. दिव्याला आधी थट्टा वाटली. मग ती खडकावर बसली.

"पण का केलंत काका?" तिनं विचारलं.

काकांनी घरून तीन-चार उत्तरं तयार करून नेली होती. गंमत केली, लोकांना दाखवायला केला, असली. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"तुम्ही माझ्याकडं यावं म्हणून," ते म्हणाले.

दिव्या चिडली. आवाज चढवला नाही, पण तिच्या बोलण्यानं काकांचे कान तापले. एक महिना तिनं या गोलावर घालवला होता. सरांपुढं, बाहेरून आलेल्या माणसांपुढं हाच फोटो मोठा करून दाखवला होता. आता तिला सगळ्यांना चूक झाली म्हणून लिहायला लागणार, आणि उरलेल्या सव्वीसवरही कुणी विश्वास ठेवेल की नाही, कोण जाणे. ती त्या दिवशी टेप न उघडताच निघून गेली. जाताना वळून एवढं म्हणाली की या गोलाला आता कुणी हात लावायचा नाही, आहे तसा राहू द्या.

ती तीन महिने आली नाही. काकांना वाटलं, आता येणारच नाही. ते भिमाजींकडेही जात नव्हते. मी एकदा सुचवलं की जाऊन या, तर म्हणाले, "काय म्हणून जाऊ? तो चहा पाजेल, विचारणार काहीच नाही. ते मला सोसत नाही."

जूनच्या मध्यावर दिव्याचा फोन आला, दोघांनाही. सरांनी तिला भरपूर सुनावलं होतं, पण शेवटी म्हणाले होते की झालं ते झालं, आता हा माणसानं केलेला गोल आयता मिळालाय, पावसात त्याचं काय होतं ते बाकीच्यांबरोबर बघ. तिनं काकांना काम दिलं. दर रविवारी सत्तावीसमध्ये गवताचे कोंब मोजायचे आणि लिहायचे. भिमाजींना बाकीच्यांपैकी सहा गोल दिले.

काकांनी पहिल्यांदा वही केली. पावसात छत्री धरून, गुडघ्यावर बसून ते कोंब मोजत. जुलैच्या पहिल्या रविवारी एकेचाळीस. पुढच्या रविवारी तीनशेच्या वर. ऑगस्टच्या शेवटी मोजणं अशक्य झालं, कारण गोल बुजला होता. कुठं होता ते सांगायला काकांनाच जावं लागे. भिमाजींच्या सहा गोलांत काठाकडून चार-दोन कोंब आले आणि पिवळे पडून गेले. ते सप्टेंबरातही तसेच उघडे होते.

दोघं माळावर भेटत होते, कारण भेटावंच लागे. सुरुवातीला फक्त आकडे बोलत. मग एका रविवारी भिमाजींनी काकांची वही मागून घेतली, पानं उलटली आणि अक्षर सुधारलंय म्हणाले. काकांनी वही ओढून घेतली. पण त्या दिवशी दोघं एकाच स्कूटरवर खाली आले.

पुढच्या वर्षी दिव्याचा लेख इंग्रजीत छापून आला. त्यात लिहिलं होतं की गवत खरवडून केलेला गोल एका पावसाळ्यात भरून आला, आपोआप पडलेले भरले नाहीत, म्हणजे हे गोल कुणाच्या खुरप्यानं किंवा गुरांच्या पायानं झालेले नाहीत. वाळवीसाठी तिनं पाच ठिकाणी खणलं होतं. दोन ठिकाणी वाळवी मिळाली, तीन ठिकाणी काहीच नाही. कारण तिलाही सापडलं नव्हतं आणि तिनं तसं सरळ लिहून टाकलं होतं. शेवटी आभार होते. काका तो कागद घेऊन वर आले आणि आभारांच्या ओळीवर बोट ठेवून मला वाचायला लावलं. आधी भिमाजींचं नाव होतं, मग काकांचं.

"हे असं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, इंग्रजीत अक्षरांच्या क्रमानं लावतात, बी आधी येतो, जे नंतर.

काकांनी थोडा विचार केला. "मराठीत असतं तर ज आधी आला असता," ते म्हणाले आणि कागदाची घडी घालून घेऊन गेले.

त्या हिवाळ्यात भिमाजींचा गुडघा खरोखरच गेला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सहा महिने चढ चढायला मनाई केली. दिव्याबरोबर माळावर आता काका एकटेच जात. टेपचं टोक त्यांच्या हातात, थर्मासमधला चहा दोघांतच. ती जे विचारेल त्याचं उत्तर तेच देत आणि ती लिहून घेई. मला वाटलं होतं ते फुलून येतील. पण तीन-चार आठवड्यांतच ते कुरकुर करायला लागले. माळावर बोलायला कुणी नसतं म्हणाले. मग जेवढ्या वेळा चढत तेवढ्या वेळा वरून भिमाजींना फोन लावून काय काय दिसतंय ते सांगत बसत. फोटो काढायला काकूंकडून शिकले आणि तेही पाठवायला लागले.

एका रविवारी त्यांनी चौदा नंबरचा फोटो पाठवला. तासभर ते त्या गोलापाशीच उभे होते, दिव्या खालच्या उतारावर काम करत होती. थोड्या वेळानं ती खालून ओरडली की भिमाजीकाकांचा फोन आला होता, चौदाच्या पूर्वेच्या काठावर गवताची आणखी एक उंच ओळ उठलीये, फोटोत दिसतीये, तिथं टेप धरा. काकांनी वळून पाहिलं. ओळ होती. त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर.

त्यांनी टेप धरली, मापं दिली, दिव्याचा निरोप घेतला. घरी मात्र आले नाहीत. स्कूटर थेट महाळुंग्यात भिमाजींच्या दारात लावली आणि आत गेले. दुपार टळली तरी जेवायला आले नाहीत म्हणून काकूंनी फोन केला. फोन मिनलनं उचलला. काका इथंच आहेत, दोघांचं भांडण चाललंय, मी दोघांनाही वाढलंय, असं तिनं सांगितलं. मागून काकांचा आवाज येत होता, मला आधी सांगायचं, तिला नंतर, आणि भिमाजी म्हणत होते, बरं बाबा, बरं, आधी भाकरी मोड.